विश्लेषण : साध्या सेडानची घरगुती ‘स्पोर्ट’ आवृत्ती... इंजिनाची ताकद वाढते, पण ब्रेकचे काय?

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी मंचरहून घोडेगाव, डिंभे, तळेघर या वाटेने भीमाशंकरकडे मोटारींची रांग लागते. त्यात देवदर्शनाला निघालेली कुटुंबे असतात, तसेच केवळ घाट ‘मारायला’ आलेले हौशी तरुणही असतात. त्यांच्यापैकी काहींची सेडान दिसायला शोरूममधून निघाली तशीच असते. पण तिच्या इंजिनाच्या संगणकातील आकडे बदललेले असतात, हवेचा फिल्टर वेगळा असतो आणि सायलेन्सरचा आवाज दोन वळणे आधीच कळतो. कंपनीची महागडी ‘परफॉर्मन्स’ आवृत्ती परवडत नाही, म्हणून आहे त्याच गाडीतून ती घडवायची, अशी ही हौस आहे. पुणे जिल्ह्यात तिला चांगलेच खतपाणी मिळते. चाकणला गाड्या तयार होतात, पुण्यात त्या तपासणारी संस्था आहे आणि गल्लोगल्ली कसबी मेकॅनिक आहेत. पण ताकद वाढवणे जितके सोपे झाले आहे, तितके ती सांभाळणे सोपे झालेले नाही. हा फरक मालकाला सपाट महामार्गावर जाणवत नाही. तो तळेघरच्या चढ-उतारावर जाणवतो.

‘स्टेज वन’ म्हणजे नेमके काय?

पूर्वी इंजिनाची ताकद वाढवायची तर हेड उघडावे लागे. कार्बोरेटर बदलणे, पोर्ट घासून मोकळे करणे, वेगळा कॅमशाफ्ट बसवणे अशी ही हातकामाची बाब होती. आता बहुतेक काम लॅपटॉपवर होते. आधुनिक इंजिनात पेट्रोल किती फवारायचे, ठिणगी नेमकी कधी टाकायची आणि टर्बोने हवा किती दाबायची, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्यासाठी त्याच्याकडे तक्ते असतात. इंजिनाचे फेरे, एक्सलरेटर किती दाबला आहे, हवेचे तापमान अशा गोष्टींनुसार तो तक्त्यातील आकडा उचलतो. हे तक्ते म्हणजेच ‘मॅप’ आणि ते बदलणे म्हणजे ‘रीमॅप’.

गाडीचे बाकी सारे सुटे भाग तसेच ठेवून फक्त मॅप बदलला, तर त्याला या व्यवसायात ‘स्टेज वन’ म्हणतात. सायलेन्सरची पाइपलाइन आणि हवेचा मार्ग मोकळा करून त्यानुसार मॅप केला, तर ‘स्टेज टू’. टर्बोच मोठा बसवला, तर त्याच्या पुढची पायरी. या पायऱ्यांची कोणतीही सरकारी व्याख्या नाही. ती बाजाराने पाडलेली नावे आहेत.

यातून मिळणारा फायदा इंजिनाच्या प्रकारावर अवलंबून असतो. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा जेवढी आपोआप ओढली जाते तेवढीच. त्यामुळे आकडे बदलून हाती फारसे लागत नाही. टर्बो इंजिनात मात्र हवेचा दाब वाढवता येतो, म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा आणि जास्त पेट्रोल जाळता येते. म्हणूनच २० ते ३० टक्के वाढीचे दावे प्रामुख्याने टर्बो गाड्यांबाबत केले जातात. गेल्या दशकात भारतात छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांच्या सेडान आल्या आणि ही हौस गॅरेजमधून थेट घराच्या पार्किंगमध्ये पोहोचली. स्टिअरिंगखालच्या निदान पोर्टला तार जोडायची, जुनी फाइल काढायची, नवी भरायची. काम अर्ध्या दिवसात होते.

एवढी ताकद होती, तर कंपनीनेच का दिली नाही?

हा प्रश्न प्रत्येक हौशी मालक विचारतो आणि त्याचे नेहमीचे उत्तर असते की, ‘कंपनी महागडे मॉडेल विकता यावे म्हणून ताकद दाबून ठेवते’. यात थोडे तथ्य आहे. एकच इंजिन वेगवेगळ्या ताकदीत विकले जाते, हे खरेच आहे. पण पूर्ण उत्तर इंजिनात नाही, इंजिनाच्या मागे जोडलेल्या भागांत आहे.

चाकणमध्येच तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचे उदाहरण घेता येईल. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या या सेडानच्या १.५ लिटर टर्बो इंजिनाची ताकद १५० पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन मीटर आहे. तिच्या सात गतींच्या स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्समध्ये कोरड्या क्लचच्या दोन जोड्या असतात आणि त्या गिअरबॉक्सची ठरवलेली मर्यादाही २५० न्यूटन मीटरच आहे. इंजिनाचा जोर आणि गिअरबॉक्सची मर्यादा यांचा आकडा एकच असणे हा योगायोग नाही. इंजिनातून आणखी जोर काढता येईल. पण तो झेलण्याची जबाबदारी क्लचवर येईल.

स्कोडा ऑक्टाव्हियाची गोष्ट याहून बोलकी आहे. भारतातील तिची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होत असे. तिच्या १.८ लिटर टर्बो आवृत्तीत १८० पीएस ताकद होती, तरी टॉर्क २५० न्यूटन मीटरवरच रोखलेला होता. कारण गिअरबॉक्स तोच कोरड्या क्लचचा. कंपनीने २०१७ मध्ये त्याच गाडीची आरएस ही वेगवान आवृत्ती भारतात आणली, तेव्हा २ लिटरचे इंजिन, २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर असे आकडे दिले. पण त्यासोबत गिअरबॉक्सही बदलला. तेलात बुडालेल्या, उष्णता लवकर सोडणाऱ्या क्लचचा सहा गतींचा गिअरबॉक्स आला. ब्रेक मोठे झाले, सस्पेन्शन खाली आणि कडक झाले, टायर रुंद झाले.

म्हणजे कंपनी ‘स्पोर्ट’ आवृत्ती बनवते तेव्हा सगळी साखळी बदलते. घरगुती आवृत्तीत बहुधा साखळीची पहिली कडी तेवढी बदलली जाते, कारण ती सर्वात स्वस्त असते आणि तिचा परिणाम लगेच पाठीला जाणवतो. ब्रेकवर केलेला खर्च मित्रांना दाखवता येत नाही.

घाटात काय घडते?

पोखरी घाटातून तळेघरकडे चढताना वाढीव ताकदीची मजा येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ट्रकच्या मागून पटकन बाहेर पडता येते, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सहज ओढते. पण घाटाचा हिशेब चढावर पूर्ण होत नाही.

समजा, माणसे आणि सामानासह १,६०० किलोची गाडी रस्त्याने ३०० मीटर उंची उतरली. या उतरणीत गाडीची जी ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते, ती सुमारे ४७ लाख ज्यूल भरते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगातून पूर्ण थांबवायला साधारण ६ लाख २० हजार ज्यूल लागतात. म्हणजे एवढा उतार उतरणे हे १०० च्या वेगातून सात-आठ वेळा थांबण्यासारखे आहे. हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि खालच्या गिअरमधील इंजिनाचा अटकाव यातला काही वाटा उचलतात. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमध्ये जाते. दोन वळणांच्या मधल्या छोट्या सरळ पट्ट्यात जोरदार वेग घेऊन पुन्हा कचकन ब्रेक मारणाऱ्याच्या ब्रेकवर हा बोजा आणखी वाढतो. १५० ऐवजी १९० पीएस असले की तो सरळ पट्टा संपताना वेग जास्त असतो आणि ब्रेक मात्र तेच असतात.

उष्णतेचा दुसरा बळी ब्रेक ऑइल. हे तेल हवेतील ओलावा शोषत राहते. डॉट ४ दर्जाचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि ब्रेकचे पायडल खाली जाते. गाडी मात्र थांबत नाही. सह्याद्रीतल्या चार महिन्यांच्या दमट हवेत तीन-चार वर्षे न बदललेले ब्रेक ऑइल आणि नुकताच रीमॅप केलेला ईसीयू ही जोडी सर्वात धोकादायक आहे. गंमत म्हणजे, त्यातला स्वस्त भाग दुरुस्त करायला मालकाला वेळ नसतो.

तिसरी गोष्ट वळणाची. २० मीटर त्रिज्येच्या तीव्र वळणावर, ओल्या डांबरावर टायरची पकड निम्म्यावर आली असे धरले, तर गाडी ताशी साधारण ३५ किलोमीटर वेगापर्यंतच रस्त्यावर टिकते. त्यापुढे ती सरळ घसरते. हा आकडा काढताना इंजिनाची ताकद कुठेच लागत नाही. १०० पीएसची गाडी असो वा ३०० ची, वळणाची मर्यादा टायर, रस्ता आणि वेग यांवर ठरते. उलट पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सेडानमध्ये ओल्या वळणातून बाहेर पडताना जास्तीचा जोर टाकला, तर पुढची चाके जागीच फिरतात आणि स्टिअरिंग हलके पडते. तेव्हा गाडी वळायची थांबते.

आणि या रस्त्यावर फक्त डांबर नसते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे धुके इतके उतरते की पुढची गाडी दिव्यावरूनच कळते. डोंगराकडून माती, दगड वाहून येतात. ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेलेले माळीण याच आंबेगाव तालुक्यातले. रस्त्यावर एसटी असते, खासगी जीप असते, चारून परतणारी गुरे असतात, शाळा सुटलेली मुले आणि हिरड्याची पोती घेऊन बाजाराला निघालेली माणसे असतात. मोठा अपघात झाला, तर जखमीला घोडेगाव किंवा मंचरच्या रुग्णालयापर्यंत याच घाटातून खाली न्यावे लागते. शहरातून दोन तासांसाठी आलेल्याला हा रस्ता खेळाचे मैदान वाटतो. तळेघर, पोखरी, राजपूरच्या लोकांना बाहेर पडायला तो मुख्य रस्ता आहे.

पेट्रोलचे गणित कसे बदलते?

टर्बोने हवा जास्त दाबली की ती तापते. तापलेल्या दाबाखाली पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटू लागले, तर इंजिनात ‘नॉकिंग’ होते. पिस्टनवर हातोडीचे घाव बसावेत तसा हा प्रकार असतो. इंजिनातील सेन्सर तो आवाज ओळखून ठिणगी उशिरा टाकतो आणि इंजिन वाचवतो. पण रीमॅपमध्ये ही सुरक्षिततेची फटच वापरून टाकलेली असते. म्हणून जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेला मॅप आणि टाकीत साधे पेट्रोल, हे समीकरण महागात पडते. पुण्यात महागडे पेट्रोल सहज मिळते; भीमाशंकरच्या वाटेवर प्रत्येक पंपावर ते मिळेलच याची खात्री नसते.

देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, हे ट्यूनिंगच्या दृष्टीने चांगलेच. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी इंजिनाला इंधन जास्त पाजावे लागते. परदेशातील वेगळ्या पेट्रोलसाठी लिहिलेली, कुणी तरी पाठवलेली फाइल इथल्या गाडीत भरणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने गाडी चालवणे होय. प्रत्येक गाडीवर बसून, नोंदी तपासून केलेला मॅप आणि अशी उतरवून घेतलेली फाइल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ग्राहकाला मात्र दोन्हींचे नाव ‘स्टेज वन’ असेच सांगितले जाते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला आणि उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे बजावले. गाडीच्या मूळ वैशिष्ट्याला धक्का न लावणारी किरकोळ जोडणी किंवा रंग बदलणे यांना त्यातून वाट ठेवली आहे; रंग बदलल्यास नोंदणीतही तो बदलून घ्यावा लागतो.

त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने शिक्षेचे कलमही कडक केले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना जाण्याची तरतूद आहे. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

मग संगणकातील आकडे बदलणे हा ‘रचनेतला बदल’ ठरतो का? इथेच पळवाट शोधली जाते. लोखंड बदलले नाही, तर बदल कसला, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकायला कठीण आहे. अलीकडच्या नोंदणी प्रमाणपत्रांवर इंजिनाच्या सीसीसोबत अश्वशक्तीही छापलेली असते. ताकद वाढली की कागद आणि गाडी यांत तफावत पडलीच. शिवाय गाडीला विक्रीची मान्यता ज्या उत्सर्जन चाचणीवर मिळते, ती मूळ मॅपवर झालेली असते.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. सायलेन्सर कानाला ऐकू येतो, म्हणून कारवाई त्याच्यावर होते. पुणे, मुंबईसह अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. रीमॅप मात्र डोळ्यांना दिसत नाही. पीयूसी तपासणीतही तो सुटतो, कारण पेट्रोल गाडीची ही तपासणी उभ्या गाडीवर, इंजिनावर भार नसताना होते. मॅपमधील खरे बदल भाराखाली कामाला येतात. परिणामी आवाज करणारा पकडला जातो आणि त्याहून धोकादायक, पण शांत गाडी निघून जाते.

विमा आणि वॉरंटीचे काय?

विमा करार परमविश्वासाच्या तत्त्वावर उभा असतो. गाडीत केलेला महत्त्वाचा बदल विमा कंपनीला कळवणे मालकाची जबाबदारी असते. तो लपवला आणि अपघातानंतर तपासणीत उघड झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. अपघातात दुसरा माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. पीडिताला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग, पॉलिसीच्या अटींचा भंग झाल्यास, विमा कंपनी चोखाळू शकते. अशी रक्कम एखाद्या कुटुंबाला आयुष्यभर फेडावी लागेल इतकी मोठी असू शकते.

वॉरंटीचे उत्तर सोपे आहे. ‘सर्व्हिसिंगच्या आधी मूळ फाइल परत भरू, कुणाला कळणार नाही’, असे अनेक ट्यूनर सांगतात. पण अनेक गाड्यांच्या ईसीयूमध्ये फाइल किती वेळा लिहिली गेली, याची नोंद राहते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या यंत्राला ती दिसली, की इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी हातची जाऊ शकते. नेमका गिअरबॉक्सच सर्वात आधी थकणारा आणि सर्वात महाग भाग असतो.

सरसकट बंदी हाच उपाय आहे का?

नाही. आणि इथे सरकारी धोरणालाही जाब विचारायला हवा. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली होती. २०२१ च्या अखेरीस तिची चित्रफीत गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कल्पकतेचे कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, हे सांगून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिलीही. या गोष्टीचा शेवट गोड झाला. पण गावातल्या कारागिराला आपली गाडी तपासून घेता येईल, दुरुस्त करून मान्य करून घेता येईल, असा परवडणारा रस्ता कायद्यात नाही, हे त्यातून उघड झाले.

जर्मनीत गाडीत बदल करण्यावर सरसकट बंदी नाही. तिथे सुट्या भागासोबत त्याच्या तपासणीचा कागद येतो, बदल केल्यावर मान्यताप्राप्त तपासनीस गाडी पाहतो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते. मोठे ब्रेक न बसवता ताकद वाढवली, तर तपासनीस ती गाडी अडवू शकतो. म्हणजे हौसेला वाट आहे. पण ती सुरक्षिततेच्या नाक्यावरून जाते.

भारतातही ही कल्पना अनोळखी नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून नोंदणी प्रमाणपत्रावर त्याची नोंद करून घेता येते. जुन्या गाडीला विजेवर चालवणाऱ्या किटसाठीही मानके आहेत. अपंग व्यक्तीसाठी गाडी बदलून घेण्याची तरतूद आहे. पुण्यात १९६६ पासून ‘एआरएआय’सारखी वाहन संशोधन संस्था आहे, तिचे केंद्र चाकणलाही आहे. इंधन बदलण्यासाठी जी पद्धत बसवता आली, ती ब्रेक, सस्पेन्शन आणि मर्यादित ताकदवाढीसाठी का बसवता येऊ नये? तपासलेला किट, मान्यताप्राप्त गॅरेज, प्रमाणपत्रावर नोंद आणि त्यानुसार विम्याचा हप्ता, अशी साखळी उभी राहिली, तर आज अंधारात चालणारा व्यवसाय उजेडात येईल. ती उभी राहत नाही, तोवर कायदा मोडणाऱ्याला कायदा कागदावर भेटतो आणि गावकऱ्यांना त्याचे परिणाम रस्त्यावर भेटतात.

जागेचाही प्रश्न आहेच. देशातील मोठी वाहननगरी असलेल्या पुणे परिसरात सामान्य माणसाने स्वतःची गाडी पूर्ण वेगात, सुरक्षितपणे चालवावी असे कायमस्वरूपी मोठे रेसिंग सर्किट नाही. त्यासाठी चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत. अशा बंदिस्त जागी हेल्मेट, रुग्णवाहिका आणि तपासणी यांच्या चौकटीत वेगाची हौस भागते. अशा जागा वाढल्या, तर घाटावरचा ताण कमी होईल.

मग गाडीचा शौक असलेल्याने काय करावे?

उत्तर कंटाळवाणे वाटेल. पण गाडीची खरी ‘परफॉर्मन्स’ आवृत्ती इथूनच सुरू होते. सर्वात आधी टायर. कंपनीने सांगितलेल्या मापाचे, चांगल्या दर्जाचे, झीज न झालेले आणि योग्य हवा असलेले टायर ओल्या घाटात कोणत्याही रीमॅपपेक्षा जास्त कामाला येतात. ताकद फक्त एक्सलरेटर दाबल्यावर उपयोगी पडते. टायर चढताना, वळताना आणि थांबताना, तिन्ही वेळी लागतात.

दुसरे, ब्रेक. डिस्कची जाडी तपासणे, चांगले पॅड बसवणे आणि ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलणे. पूर्ण खर्च बहुतेक वेळा रीमॅपच्या खर्चापेक्षा कमी असतो आणि त्यासाठी कुठलाही कायदा मोडावा लागत नाही. तिसरे, सस्पेन्शनचे बुश, शॉकअॅब्झॉर्बर आणि व्हील अलाइनमेंट मूळ स्थितीत आणणे. पाच-सहा वर्षे खड्ड्यांतून चाललेली गाडी या एवढ्या कामानेच नवी वाटू लागते आणि मालकाला कळते की, त्याला ताकदीची नव्हे, नेमकेपणाची उणीव जाणवत होती. चौथे, चालवण्याची पद्धत. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून उतरण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये उतरणे. स्वयंचलित गाडीत त्यासाठी गिअर हाताने निवडण्याची सोय वापरणे. इंजिनाचा हा अटकाव फुकट मिळतो आणि तापत नाही.

एवढे करूनही ज्याला ताकद हवीच असेल, त्याने सर्किटपुरती वेगळी गाडी ठेवावी किंवा कंपनीचीच वेगवान आवृत्ती जुन्या बाजारात शोधावी. तिच्यात मोठे ब्रेक, मजबूत गिअरबॉक्स आणि कागदपत्रांची शुद्धता एकाच किमतीत मिळते. घरच्या घरी हे सगळे जमवायला निघालेल्याचा हिशेब शेवटी त्याच किमतीच्या आसपास जाऊन पोहोचतो. फरक इतकाच की, त्याच्या गाडीला विमा कंपनी ओळखत नाही.

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील वाहनांची नोंद पिंपरी-चिंचवड परिवहन कार्यालयाच्या एमएच १४ क्रमांकाखाली होते. भीमाशंकरच्या वाटेवर गर्दीच्या दिवशी पोलीस आणि परिवहन विभागाने संयुक्त तपासणी नाके लावले आणि सायलेन्सरच्या आवाजासोबत झिजलेले टायर आणि ब्रेकही पाहिले, तरी मोठा फरक पडेल. पुढच्या श्रावणी सोमवारपूर्वी एवढे करणे अवघड नाही. तळेघरच्या वळणावर समोरून दूध घालायला निघालेला दुचाकीस्वार आला, तर गाडी किती वेगात पळते, हे त्याच्या कामाचे नसते. ती किती अंतरात थांबते, एवढ्यावरच त्याचा जीव अवलंबून असतो.